कोळशाचा फवारा

नोझलच्या तोंडाशी काळा गोळा अडकला आणि फवारा आजही बंद पडला. सुमेधाने पंपाचा दाब वाढवला. गोळा आणखी घट्ट झाला.

तेल महागलं म्हणून तुर्भ्याच्या त्या कारखान्यात कोळशाची पूड पाण्यात कालवून जाळायचा प्रयोग चालला होता. त्यात एक रसायन घातलं की कण एकमेकांना दूर ढकलत आणि पाणी-कोळशाची ती दाट रबडीही सहज वाहत असे. प्रयोगशाळेत ती धुक्यासारखी उडायची. शेडमधल्या टाकीत गेली की तिच्या गुठळ्या व्हायच्या. मॅनेजर नंदकिशोर साहेबांनी सांगून टाकलं होतं, आज भट्टी पेटली नाही तर प्रयोग बंद. शिक्षण संपल्यापासून सुमेधाने दुसरं काही केलं नव्हतं.

तिने टाकी धुऊन घेतली, नवी रबडी भरली आणि हात धुवायला गेली. परत आली तर गोजराबाई टाकीपाशी उभी. शेड झाडणारी ही म्हातारी खाडीकाठच्या गावची. सुमेधा जेवली की नाही, हे रोज विचारायची. तिने खुंटीवरच्या सुमेधाच्या कोटावरून दोन्ही मुठी ओवाळल्या, झाकण उघडलं आणि मुठी आत सोडल्या. खडेमीठ होतं.

"मावशी, हे काय करताय?"

"तुजी नजर काढते. रोजच काढते. भट्टी पेटत नाय म्हनून मीठ वाढवलं. एवढ्या बाप्यांत एकटी पोर, नजर नाय लागनार?"

"अहो, पण ते आगीत टाकतात ना?"

"भट्टी गार हाय. ह्या टाकीन टाकलं म्हंजे आगीनच जानार ना?"

सुमेधा स्टुलावर बसली. मीठ पडलं की कण एकमेकांना ढकलेनासे होतात, चिकटतात. भट्टी पेटत नव्हती म्हणून म्हातारी मीठ वाढवत होती, आणि मीठ वाढत होतं म्हणून भट्टी पेटत नव्हती.

टाकी पुन्हा धुतली. दुपारी फवारा उडाला आणि भट्टी धडधडून पेटली. साहेबांनी कारण विचारलं. पाण्यात मीठ जात होतं, एवढंच सुमेधाने सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही.

साहेब गेल्यावर तिने गोजराबाईला भट्टीच्या खिडकीशी नेलं. पदरात उरलेलं मीठ आता टाका म्हणाली. म्हातारीने ते सुमेधावरून ओवाळलं आणि आत फेकलं. मीठ जोरात तडतडलं.

"बघ, केवढी नजर व्हती," गोजराबाई म्हणाली. "म्हनून पेटत नव्हती."