मेन स्विच

कमळाबाईंनी फ्रीज उघडला आणि आंबूस वास थेट जिन्यापर्यंत आला. खाली पाण्याचं थारोळं. वर्षभर पुरेल म्हणून डबे भरभरून ठेवलेला आमरस फसफसून वर आला होता.

"आई, मेन स्विचच बंद आहे!" राज पॅसेजमधून ओरडला. त्याने खटका वर केला तसा फ्रीज घरघरला आणि टेबलावरच्या फोनचा दिवा लागला. राज त्यांचा मुलगा, पुण्याला असतो. चार दिवस येवल्याला बहिणीकडे राहिलेल्या आईला तोच गाडीने घेऊन आला होता.

त्यांची बॅग वर आणून देणारा शेजारचा मयूर उंबऱ्यातच थिजला. तो खटका त्यानेच खाली ओढला होता.

"मीच केला असेल रे," कमळाबाई स्टुलावर टेकल्या. "निघताना गॅस, नळ, बटणं, सगळं बंद करत सुटले होते. पण हे काही आठवत नाही बघ."

मागच्या महिन्यात दुधाचं पातेलं गॅसवर राहून जळालं, तेव्हाच राजने बजावलं होतं की पुन्हा असं काही झालं तर नाशिक बंद, पुण्याला चलायचं. कमळाबाईंना ते नकोच होतं. दर बुधवारी गोदावरीकाठी, गंगेवरच्या बाजारात हुज्जत घालून भाजी आणणारी बाई ती. तिने राजच्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून करायचं काय?

आता मयूरचा प्रताप ऐका. हा घोडा तिशीला टेकलेला, अंबडच्या कंपनीत सुपरवायझर, हाताखाली बारा माणसं. पण कॉम्प्युटरवर बंदुकांचा गेम लागला की याला भान म्हणून राहत नसे. साल २००८. घरात वायरींचं जंजाळ नको म्हणून याने हौसेने वायरलेस इंटरनेट घेतलं, आणि तेव्हापासून ऐन लढाईत पडदा गोठायचा. दोनच सेकंद, पण तेवढ्यात समोरचा याला उडवून मोकळा. कुणीतरी इंटरनेटवर लिहिलं होतं की कॉर्डलेस फोनच्या लहरी आडव्या येतात. झालं! काकूंचा कॉर्डलेस फोन भिंतीला लागूनच होता.

गावाला जाताना काकू किल्ली याच्याकडे ठेवायच्या. "अडीअडचणीला असू दे," म्हणायच्या. रविवारी दुपारी टीमची मॅच होती, तीच याला अडचण वाटली. कुलूप उघडून आत गेला. फोनचा प्लग कपाटामागे, हात पोचेना. मग सरळ मेन स्विच खाली. तासाभरात परत लावू म्हणाला.

पडदा तरीही गोठतच राहिला. मॅच गेली आणि हा डोक्यात राख घालून झोपला. सोमवारी टीममधल्या घोटीच्या एका पोराने फोनवर खरं दुखणं सांगितलं. याचाच कॉम्प्युटर दर मिनिटाला आजूबाजूला दुसरं नेटवर्क शोधायचा, तेवढ्यात गेम अडकायचा. सेटिंगमधली एक बरोबरची खूण काढून टाकली, अर्ध्या मिनिटाचं काम. गेम लोण्यासारखा पळायला लागला. त्या आनंदात काकूंचा मेन स्विच याच्या डोक्यातून पार गेला.

आता समोर ती बाई पदराने फरशी पुसत होती, आणि याला वाटत होतं, धरणी दुभंगावी.

"काकू, तुम्ही नाही. मी बंद केला," तो एकदाचा बोलला. कान तापले होते. "तुमच्या फोनमुळे माझा गेम अडकतोय असं वाटलं मला. किल्ली होती. चूक झाली, काकू."

राज त्याच्याकडे बघतच राहिला. "आईच्या फोनमुळे तुझा गेम? अरे, मधे भिंत आहे!"

"वायरलेस आहे, राजदादा. लहरी भिंतीतून जातात. या, दाखवतो."

तो राजला ओढतच आपल्या घरी घेऊन गेला. गेम लावला. पडद्यावर शिपाई धावायला लागले. एक मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. मयूर मनातल्या मनात हात जोडत होता, एकदा तरी अडक रे बाबा! भिंतीपलीकडे फोन वाजला, कमळाबाई बहिणीशी बोलायला लागल्या. शिपाई धावतच होते.

"फोन चालू आहे, आणि गेमही मस्त चाललाय," राज म्हणाला.

"तो मी नंतर दुरुस्त केला. म्हणजे, फोनचा दोष नव्हताच, पण तेव्हा मला..."

स्वतःचंच बोलणं त्याला खोटं वाटायला लागलं. राजने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "राहू दे, मयूर. कळतं मला."

परत आले तेव्हा कमळाबाईंनी पुण्याला न्यायच्या साड्या कपाटातून काढून पलंगावर ठेवल्या होत्या. मयूर पुन्हा सांगायला लागला. शपथ घेतली, पाया पडला. त्यांनी त्याला उठवलं, तोंडावरून हात फिरवला आणि डोळे पुसत राजकडे वळल्या.

"बघ रे, मी जाऊ नये म्हणून माझी चूक आपल्या अंगावर घेतोय. असा शेजार मला पुण्याला कुठे मिळायचा?"