राखून ठेवलेली चूक

'छापा' हे बटण पडद्यावर अर्धंच दिसत होतं. हेरंबने ते पाच मिनिटांत जागेवर बसवलं असतं, पण त्याने मुद्दाम हात आवरला.

गावोगावच्या वाचनालयांसाठी त्याने पुस्तकांच्या देवघेवीचं सॉफ्टवेअर लिहून सगळ्यांना खुलं ठेवलं होतं. कुणीही त्यात सुधारणा करावी आणि त्याला पाठवावी. वापरणारे वाढत गेले, पाठवणारं कुणीच नव्हतं. सुरुवातीचे दोघे सोबती नोकरीत अडकले. आता त्याची नजरही अधू होत चालली होती. आपल्यामागे हे कोण बघणार? अशा कामात नवख्यांसाठी एखादी सोपी चूक राखून ठेवायची पद्धत असते. त्याने हे बटण राखलं आणि खाली लिहिलं, 'कुणीतरी दुरुस्त करा. अडलात तर मी शिकवेन.'

गणपती गेले, दिवाळी गेली. रोज चहाआधी तो बघायचा. बटण अर्धंच.

शेवटी त्याने देवरुखच्या ग्रंथपालबाईंना फोन लावला. "बाई, त्या बटणामुळे अडतं का हो?"

"छे हो! मी खटपट करून कधीच सरळ केलं. मग गुहागरवाल्यांनी माझ्याकडून घेतलं, लांजेकरांनीही."

"मग मला का नाही पाठवलंत?"

"तुम्ही एकटे सगळ्यांसाठी एवढं करता. म्हटलं, तुम्हाला आणखी कशाला त्रास?"

हेरंबने पडद्यावरच्या अर्ध्या बटणाकडे पाहिलं.

"द्या हो," तो म्हणाला. "थोडा त्रास द्या."