तातडीचं की सवडीनं

कंपनीच्या मालकांनी, निकेत सरांनी, उरणला यायला भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडल्याचा निरोप सुचिताला आला. कंपनीच्या तीन ॲपपैकी एक आज बंद होणार होतं, कुठलं ते सर ठरवणार होते. उरणच्या ट्रेलरवाल्यांना बंदराचे गेटपास काढून देणारं ॲप तिचं. ते गेलं की तिच्या हाताखालची गावातली पोरं घरी बसणार.

आणि हा उपद्व्यापही तिनंच केलेला! आजवर प्रत्येक ॲपच्या रेपोत, म्हणजे त्याचा कोड आणि तक्रारी जिथं साठवतात तिथं, तक्रारींना ज्याची त्याची लेबलं. उरणला ‘आग लागली’, मुंबईला ‘अर्जंट’, पनवेलला ‘बघा जरा’. कोण कुणाशी ताडून बघणार, कपाळ! सर म्हणाले, सगळीकडे एकच लेबलं ठेव. नव्या रेपोत ती आपोआप यायची, पण जुन्यांत तिनं एकेक करून हातानं बदलली. आता ‘तातडीचं’ शोधलं की तिन्ही ॲपच्या तक्रारी लाल रंगात एकाच स्क्रीनवर.

त्यात तिचंच ॲप सगळ्यांत लालेलाल. ज्याच्या तक्रारी जास्त तेच बंद होणार, हे तिनं धरूनच ठेवलं. तिनं हाताखालच्या पोरीला हाक मारली.

“क्रांती, आपल्या रेपोतलं ‘तातडीचं’ काढून टाक. सगळ्या तक्रारींना ‘सवडीनं’ लाव.”

“ताई, अवो ड्रायव्हर लोक सकाळपासून फोन करतायत. पास निघत न्हाय, गेटवर गाड्या अडकल्यात.”

“दुरुस्त आपण करतोयच ना? मग लेबल कुठलं का असेना. लाव तू.”

क्रांतीनं तोंड वाकडं केलं, पण लेबलं बदलली.

सर आले. चहाला नको म्हणाले, थेट लॅपटॉप उघडून बसले. मुंबईचं ॲप लाल, पनवेलचं त्याहून लाल. सुचिताला त्या दोन्ही ॲपवाल्यांची कीव आली, खोटं कशाला बोला. तरी पदराशी चाळा केल्यासारखी तिची बोटं ओढणीत गुंतली होती.

“सुचिता, तुझ्याकडे तातडीचं एकही नाही?”

“नाही सर. सगळं सुरळीत आहे.”

“नक्की?”

“अगदी नक्की.”

क्रांती खिडकीबाहेर बघत राहिली.

सरांनी लॅपटॉप मिटला आणि आल्यापासून पहिल्यांदाच ते हसले.

“बाई, माझं काम सोपं केलंस. त्या दोन्हींपैकी एक जरी बंद केलं, तर लोक मला फाडून खातील. तुझं बंद झालं तर कुणाचं काहीच अडायचं नाही.”