कोऱ्या पेल्यातला वास

"हाही गेलाय," ताईंनी निळा पेला दूर सारला. "ओलं कातडं कुजावं तसा येतोय. भाऊ, तुला खरंच काही येत नाही?"

भाऊंनी पेल्यावरची काचेची चकती उचलून नाक आत घातलं. मिठाचं पाणी, आणि त्याच्या आडून फळाचा हिरवट, किंचित आंबूस सुवास. मग त्यांनी कोपराच्या वळणात, स्वतःच्या बाहीत नाक खुपसून एक श्वास घेतला आणि पेला पुन्हा हुंगला. वास घेणाऱ्यांची ही जुनी रीत. दोन पेल्यांच्या मध्ये आपलीच बाही हुंगायची, की नाक पाटीसारखं पुसून कोरं होतं.

"स्वच्छ आहे, ताई."

कारखाना ऑलिव्ह खारवण्याचा. पिंपातल्या पाण्याची आंबटाई उतरली की जंतू शिरतात. फळ दिसायला तसंच टवटवीत राहतं, पण वास सांगतो की ते आतून संपलंय. तेवढ्यासाठी ही थंड ठेवलेली खोली, आतलं काही दिसू नये म्हणून हे निळे पेले आणि शेजारीशेजारी बसलेली ही दोन नाकं. भाऊ बायकोने विणलेला राखाडी स्वेटर घालूनच कामाला बसत.

हे काम त्यांना ताईंनीच शिकवलं होतं. आता भाऊ प्रमुख होते आणि ताईंना ठेवायचं की घरी पाठवायचं, हे त्यांच्या एका शब्दावर होतं. ताईंचे यजमान गेल्यापासून त्यांची चूल या नाकावरच पेटत होती. पण नियम म्हणजे नियम. मांडलेल्या पेल्यांत एक कोरा असतो, त्यात नुसतं उकळलेलं पाणी. त्यात ज्याला वास येईल त्याचं नाक गेलं असं समजायचं. गेल्या खेपेला ताईंना तो आला होता. भाऊंनी तेव्हा सर्दीवर निभावून नेलं. आज पुन्हा आला, तर निभावणार कशावर?

तेवढ्यात यंत्रवाली बाई आपलं वास ओळखणारं यंत्र ढकलत आत आली. "पिंपं सगळी ठणठणीत! काटा जागचा हलला नाही."

"बघू," म्हणत भाऊ काट्यावर वाकले. काटा थरथरला आणि सरसर वर चढला.

"अगं बाई! याला काय झालं?" तिने यंत्राच्या पाठीत एक चापट मारली. भाऊ मागे सरले, काटा खाली आला. "बघितलंत? चार माणसं दिसली की अंगात येतं याच्या."

ताई हसल्या नाहीत. त्या काट्याकडे बघत राहिल्या.

भाऊंनी शेवटचा पेला आपल्या हाताने भरून त्यांच्यासमोर ठेवला. ताईंनी बाही हुंगली, चकती उचलली. चेहरा आक्रसला.

"हाही."

यंत्रवाली हळूच बाहेर सटकली.

"ताई," भाऊंनी चकती परत पेल्यावर ठेवली, "हा कोरा होता."

"मग उद्यापासून येऊ नको म्हण की सरळ. घाबरतोस कशाला?" ताईंचे डोळे भरून आले. "पण एवढ्यात कसं रे गेलं? सकाळी दूध उतू गेलं ते मला जिन्यात कळलं."

उठून भाऊंनी ताईंच्या खांद्यावर हात ठेवला. राखाडी बाही ताईंच्या गालाशी आली आणि ताईंचं रडणं एकदम थांबलं. त्यांनी अगदी सावकाश मान वळवली.

"भाऊ, वहिनी कशी आहे?"

"आता पुष्कळ शांत आहे. मागे सारखी कण्हायची ना, ते थांबलंय. रेडिओवर कीर्तन लावून ठेवतो. देवाचं नाव कानावर पडलं की तिला बरं वाटतं."

"खिडक्या उघडतोस ना?"

"छे! गारठा सोसत नाही तिला. रात्री हा स्वेटरसुद्धा तिच्याच अंगावर घालतो."

ताई उठल्या. "चल. मला तिला भेटायचंय. आत्ता."

भाऊंना बरं वाटलं. किती दिवसांत कुणी घरी आलं नव्हतं.

जिन्यात शेजारीण नाकाला रुमाल लावून उभी होती. "भाऊ, अहो गटार तुंबलंय हो कुठेतरी! जीव नकोसा झालाय. कळवून कळवून थकले, कुणी फिरकेल तर शपथ!"

"गटार? मला तर काही जाणवलं नाही."

"कसं जाणवेल? पगारी नाक तुमचं. फुकटात कशाला काम करतंय!"

भाऊ ओशाळं हसले आणि त्यांनी कुलूप काढलं. आत रेडिओवरचा कीर्तनकार रंगात आला होता. पाहुणा केव्हाच निघून गेला तरी त्याचं ताट वाढून बसलेल्या एका भाबड्या यजमानाची गोष्ट तो आळवून आळवून सांगत होता. भाऊंनी छातीभर श्वास घेतला. घराला घराचाच वास होता, म्हणजे कसलाच नाही.

"बघ गं, ताई आल्यात," पलंगाशी वाकून त्यांनी पांघरूण नीट केलं. "अशी भिंतीकडे तोंड करून काय पडलीस?"

गटाराचं बोलणं त्यांच्या मनातून जाईना. सवयीने त्यांनी बाहीत नाक खुपसलं, नाक पुसून कोरं केलं आणि खोली पुन्हा हुंगली. काही नाही.

ते वळले. ताई उंबऱ्याच्या आत आल्याच नव्हत्या. चौकट घट्ट धरून त्या पलंगाकडे बघत होत्या.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "माझं नाक शाबूत आहे रे."