राखेचा बंधारा

"वीजकेंद्राचा राखेचा बंधारा..." ऊर्जातज्ज्ञ प्राध्यापक वासेकरांनी टीव्हीवरच्या चर्चेत तोंड उघडलं, तोच निवेदिकेने जाहिराती लावल्या. नंतर सरकारी सल्लागारच बोलत राहिले, "बंधारा भक्कम आहे." राखेचा चिखल अडवणाऱ्या त्या बंधाऱ्याची रुंदावत चाललेली भेग वासेकरांनी सकाळीच पाहिली होती.

माइक काढून ते बाहेर धावले. बंधाऱ्याखालच्या गावात राहणाऱ्या बहिणीला त्यांनी फोन लावला.

"कुंदे, घर सोड. आत्ताच्या आत्ता."

"अरे दादा, टीव्हीवर तर म्हणाले, भक्कम आहे. तूही गप्पच होतास."

"मला बोलूच दिलं नाही गं!" त्यांना हुंदका फुटला. "तज्ज्ञांचं राहू दे, भावाचं ऐक."

पलीकडून कुंदा ओरडली, "पोरांनो, चपला घाला, चला! मामा रडतोय."