मक्याखालचे मासे

मक्याच्या बियांखाली खत म्हणून दोन-दोन मासे पुरले, तरच त्या रेताड जमिनीत कणसं धरत. आणि कणसं धरली, तरच नव्या मुलखातली ती इंग्रज वसाहत हिवाळा काढणार होती. कुत्री मासे उकरत, म्हणून प्रत्येक कुत्र्याचा एक पाय बांधायचा हुकूम होता. तरीही सकाळी कोतवाल ओबादायाने माती उकरून पाहिली, तर कडेच्या ओळीत एकही मासा नव्हता. धास्तावलेला ओबादाया बंदूक घेऊन शेताशेजारच्या थँकफुल नावाच्या म्हातारीकडे गेला.

"आजी, कुत्रा बाहेर काढा. गाव उपाशी मरेल."

"त्याचा पाय बघ, बांधलेलाच आहे. आणि काय रे, मासे खाऊन बी पुन्हा जागेवर ठेवणारा, वर माती थापणारा कुत्रा तू कुठे पाहिलास?"

ओबादायाने वाकून कुत्र्याच्या पायाची दोरी ओढून पाहिली.

"काल अख्ख्या गावात एकाच घरातून तळलेल्या माशांचा वास येत होता," म्हातारी म्हणाली. "मी नाव घेत नाही. तू पोटभर जेवलास ना?"

ओबादायाला जेवणाआधी कितीतरी वेळ नखं घासत बसलेली बायको आठवली. त्याने घाम पुसला, बंदूक खाली केली आणि गंभीरपणे हुकूम सोडला, "कुत्र्याचा दुसरा पायही बांधा."