लाल शाई

बुसानमधल्या सुलेखनाच्या वर्गात पहिल्याच दिवशी मी नवऱ्याचं नाव कोरियन अक्षरांत लाल शाईने लिहिलं. आपल्याकडे शुभ ते लालच. शिकवणाऱ्या बाईंनी कागद फाडला. "इथे लाल शाईने मेलेल्यांची नावं लिहितात. तुझा माणूस बोटीवर आहे ना?"

तेव्हापासून दर बुधवारी मी काळ्या शाईत कुंचला बुडवून तेच नाव लिहायचे. फार जीव रमायचा. त्याची बोट बेपत्ता झाली, तेव्हापासून मात्र शेवटची रेघ थरथरू लागली.

आज मी लाल शाई पुढे ओढली. बाईंनी माझं मनगट धरलं. "विसरलीस का?"

"नाही. बोटीचा शोध काल थांबवला."

बाईंनी मनगट सोडलं. शेवटची रेघ सरळ आली.